आवसेची खाट

पदर ओढला गेला म्हणून द्रौपदा थांबली. मागं वळून पाहिलं तर कॅज्युअल्टीच्या बोळात भिंतीला लावून ठेवलेल्या स्ट्रेचरवरच्या बाईनं तो धरला होता. धरला म्हणजे अगदी मुठीत. सोडवून घ्यायचा तर एकेक बोट उलगडावं लागलं असतं. बाई साधारण तिच्याच वयाची, उन्हापावसानं रापलेली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तो तिनं बाजूला सारला आणि एका श्वासात एकच शब्द मावतो अशा बेतानं विचारलं, "बाई, वर... जागा... झाली का?" द्रौपदाच्या हातात कँटीनच्या चहाचा कागदी कप होता. बघते हं, असं काहीतरी ती बोलून गेली, जणू वॉर्डाच्या किल्ल्या हिच्याच कनवटीला. उशाशी टोपी हातात घेऊन उभा असलेला माणूस त्या बाईचा भाऊ होता, सयाजी. त्यानं न विचारताच सांगितलं की ही बहीण कुशाबाई, तळेघरच्याही वरून आणलीय, घोडेगावहून इकडं पाठवलं, खालच्या डॉक्टरांनी कधीच अॅडमिट करा म्हणून लिहिलंय, पण वर खाट नाही म्हणतात. तो तक्रार करत नव्हता. पाऊस नाही, एसटी नाही, तशी खाट नाही, इतक्या सरळपणानं सांगत होता, आणि द्रौपदाला नेमकं तेच लागलं. मागं बाकांवर, फरशीवर, चाकाच्या खुर्चीत माणसं बसली होती. कुणाचा हात गळ्यात बांधलेला, कुणी पोट धरून वाकलेलं, आणि सगळ्यांची नजर त्या एका स्ट्रेचरवर, कारण ते हललं की पुढचा आत जाणार. तिनं पदर सोडवून घेतला आणि जिन्याकडे वळली.

जिना चढताना दम लागला नाही याचाच तिला राग आला. मागच्या आठवड्यात मुलानं, कपिलनं, तिला इथं आणली तेव्हा तिच्याही छातीत असाच भाता घरघरत होता, न्यूमोनिया म्हणाले होते. पण तिला बोळात पडून राहावं लागलं नव्हतं. त्या सकाळी वॉर्डातली कुणी एक बाई बरी होऊन घरी गेली होती आणि तिच्या खाटेवर द्रौपदाला लगोलग चढवलं होतं. चादर बदलली होती तरी गादीला माणसाची ऊब होती, आणि तापानं फणफणलेल्या पाठीला ती ऊबसुद्धा बरी वाटली होती. ती बाई कोण, कुठली, देव जाणे. देव जाणे म्हणायची सवय काही सुटत नाही, देव सोडून इतकी वर्षं झाली तरी.

वर बायकांच्या वॉर्डात आज लग्नघराची दुपार होती. कुणी शेंगा सोलत होतं, कुणी नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होतं, कोपऱ्यातल्या दोघी एकमेकींच्या सुनांची मापं काढत होत्या. सलाईनचे स्टँड रिकामे उभे होते. आजारी म्हणावं असं त्या अख्ख्या वॉर्डात तीन-चारच जणी. बाकीच्यांना सकाळच्या राउंडला सुट्टी मिळाली होती, पण आज आवस, आणि आवसेला दवाखान्यातून घरी जायचं नाही. गेलं तर दुखणं उंबऱ्यापर्यंत मागं येतं, हे इकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. दवाखान्याच्या लोकांनाही ठाऊक. आधी कधीतरी कुणाला तरी आवसेला घरी धाडलं, ती बाई पुढं दगावली, आणि नातेवाइकांनी येऊन काचा फोडल्या. तेव्हापासून आवसेला डॉक्टर सुट्टी लिहितात आणि तोंडानं उद्या म्हणतात. वरच्यांनी एक दिवस उद्या म्हटलं की खालच्यांचा आज लांबतो. खालचा डॉक्टर अॅडमिट लिहून मोकळा, वरचा डॉक्टर सुट्टी लिहून मोकळा, आणि दोन्ही कागदांच्या मधे, जिन्याच्या खाली, कुशाबाई एकेक शब्द मोजून श्वास घेते. कुणाचंच काही चुकत नव्हतं, आणि हेच द्रौपदाला सहन होईना.

शेजारच्या खाटेवरची प्रयागबाई नारायणगावकडच्या बागायती घरातली, पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन आता टुणटुणीत. मनानं लोण्याची. तिनं आजच सकाळी द्रौपदाला समोर बसवून स्वतःच्या तेलानं, स्वतःच्या फणीनं तिची वेणी घातली होती. दोघी सासुरवाशिणी होत्या त्या काळात हे घडलं नसतं, फणी राहू द्या, सावलीचीसुद्धा पंचाईत होती. हे दोघींनाही माहीत होतं आणि दोघीही त्यावर काही बोलल्या नव्हत्या. वेणी घालतानाच राउंड आला. डॉक्टर ऋषी, पोरगेला, चष्मा सारखा वर सारणारा. त्यानं छाती तपासली आणि म्हणाला, "आजी, छाती साफ आहे. आज घरी गेलात तरी चालेल. पण आवस आहे, तुम्ही उद्याच जाणार, हो ना?" आणि द्रौपदानं मान हलवली. आता खाटेच्या कडेवर बसून, गार झालेला चहा हातात धरून, ती त्या हललेल्या मानेकडे बघत होती. ती मान कुणाची होती? भागुजीच्या सुनेची तर नक्कीच नव्हती.

सासरा भागुजी म्हणजे एक नग होता. ऐन तारुण्यात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, देवघरातले टाक नदीला सोडले, आणि मग उरलेला जन्म त्यानं आवसेशी वैर धरण्यात घालवला. आणे पठारावरच्या त्या माळावर घराचा पाया खणला तो आवसेला. बैल आणला आवसेला. मुलाचं लग्न लावलं आवसेला. द्रौपदाच्या बापानं कां-कूं केलं तेव्हा, लोक आवसेला भितात म्हणून मांडवाचं सामान त्या दिवशी कुठंही मोकळं मिळतं, हा वर हिशेबही सांगितला. गंमत अशी की आवस चुकू नये म्हणून म्हातारा महिनाभर आधीपासून शेजाऱ्याच्या भिंतीवरचं पंचांग बघून यायचा. गावात सगळ्यांत जास्त पंचांग बघितलं जायचं ते पंचांग न पाळणाऱ्या घरात. द्रौपदाही हे सगळं हसत-हसत शिकली. आज कितवी तिथी, आवस किती लांब, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. हसण्यावारी शिकलेली ती विद्या पुढं तिच्याच गळ्यात येईल हे तेव्हा कुणाला माहीत होतं.

पहिली मुलगी झाली बाजारगावच्या दवाखान्यात. नाव भागुजीनंच ठेवलं, यशोधरा. सुट्टीचा दिवस आला तर नेमकी आवस. नर्स म्हणाली उद्या न्या, शेजारच्या बायका म्हणाल्या उद्या न्या, आणि म्हातारा नवं धोतर नेसून दारात उभा. आमी आवस-पुनव मोडून बसलोय, माझी नात आजच घरी येणार, असं त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. एसटीत खिडकीशी बसून, पोरीला पदराखाली घेऊन द्रौपदा घाट चढली तेव्हा तिची छाती अभिमानानं भरली होती. तो अभिमान खोटा नव्हता. पोर पावसाळा बघायच्या आधीच तापानं गेली. गाव तोंडावर काही बोललं नाही. पाणवठ्यावर मात्र ती आली की बायकांचं बोलणं थांबायचं, आणि त्या थांबण्यात सगळं ऐकू यायचं. भागुजी पुढं आवसेचं नाव काढेनासा झाला. त्यानं माघार घेतली नाही, पण आवसेला मांडवही पुन्हा घातला नाही. आणि द्रौपदाच्या आत एक काळं वर्तुळ उमटलं, कॅलेंडरावर असतं तसं. विहारात ती पहिल्या रांगेत बसायची, वंदना तोंडपाठ म्हणायची, जयंतीला निळी साडी नेसून मिरवणुकीत सगळ्यांपुढं चालायची. आणि आवस आली की कपिलला घाटाखाली जाऊ द्यायची नाही. कारण कधीच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, तो गेला तोवर. सकाळी डॉक्टरनं उद्या म्हटल्यावर मान हलली ती या वर्तुळातून हलली होती. बरं वाटलं होतं तिला, सुटल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून उद्या आलं, आपल्याला म्हणावं लागलं नाही.

कपिल डबा घेऊन आला तेव्हा ती अजून तशीच बसलेली. कपिल झेडपीच्या शाळेत मास्तर. तालुक्यात कुठंही अंधश्रद्धेवर भाषण असलं की याला बोलावणं, आणि बोलतो असा की समोरच्या दोन-चार जणांच्या हातातले गंडे तिथंच तुटतात. द्रौपदानं त्याला सांगितलं की डॉक्टर आज सोडायला तयार आहेत, कागद करून घे. तिला वाटलं होतं तो लगेच उठेल. तो डब्याचं झाकण उघडत बसला, मग लावत बसला.

"राहू दे ना, आई. एका दिवसानं काय होतंय? उद्या सगळेच जातील."

"उद्याचं तुला कुणी शिकवलं?"

"तूच," तो म्हणाला. वर न बघता म्हणाला. "मी पाचवीत होतो. शिवनेरीची सहल होती. तू मला जाऊ दिलं नाहीस, डोकं दुखतंय म्हणालीस. दर आवसेला तुझं डोकं दुखायचं, आई. मी काय आंधळा होतो का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. एवढा थोराड, मिशीत पांढरं आलेला मुलगा, आणि तो घाबरलेला होता, आईसाठी, आईच्याच भीतीनं. तिनं आयुष्यभर जे झाकून ठेवलं होतं ते त्यानं लहानपणीच उचलून खिशात घातलं होतं, आणि व्यासपीठावर चढताना रोज ते खिशात घेऊनच चढत होता. द्रौपदाला आधी लाज वाटली, मग लाजेचाही राग आला. हे किती दिवस? आता याची पोरगी प्रतीक्षा कॉलेजात जाते. तिच्यापर्यंतही हे पोचलं असेल, आजीच्या डोकेदुखीचा वारसा म्हणून. भागुजीनं टाक नदीत सोडले, आणि हिनं एक टाक पोटात लपवून ठेवला तो वाढवत-वाढवत नातीपर्यंत आणला.

पलीकडं प्रयागबाई फणीतले केस काढून त्यांची गुंडाळी करत होती. ती बोटं, ती फणी, आणि मागं खिडकीचे गज. यशोधरा तापली तेव्हाही असेच गज होते. ती गजांच्या बाहेर होती. दवाखान्याच्या ओट्यावर, मांडीवर यशोधरा, अंग तव्यासारखं, आणि भागुजी आत-बाहेर करतोय, कंपाउंडर सांगतोय की डॉक्टरांनी भरती करा म्हटलंय, पण खाट नाही, बसा. सकाळपासून बसा. ओट्यावर ऊन आलं तसं ती सरकली, ऊन आणखी आलं तशी आणखी सरकली. आणि गजांच्या आत, खाटेवर मांडी घालून, एक बाई वेणी घालत होती. ओले, मोकळे, दाट केस. आजारी नव्हती ती. तिनं एकदा बाहेर बघितलं, पोरीकडं बघितलं, तोंडानं च्च केलं आणि पुन्हा फणी केसांत घातली. इतकी वर्षं हे सगळं तिच्या डोक्यात होतं, पण कोपऱ्यात, उलटं करून ठेवलेलं. पोर आवसेला घरी आणली एवढंच गाव आठवत राहिलं, आणि गाव जे आठवतं तेच तीही आठवत राहिली. पोर ओट्यावर गेली हे कुणी बोललंच नाही. ओट्याला तिथी नसते ना, बोलणार काय? ताप आला, डॉक्टरनं भरती करा म्हटलं, खाट मिळाली नाही, पोर गेली. यात आवस कुठं होती? आणि आज सकाळी तेल लावून, वेणी घालून, मांडी घालून या खाटेवर कोण बसलं होतं? खालून वर बघणाऱ्या कुशाबाईला गजांच्या आत कोण दिसलं असतं?

तिनं पिशवीत लुगडं कोंबलं, तांब्या कोंबला आणि सिस्टर हर्षालीला हाक मारली. आपण आत्ता जातोय, आणि या खाटेवर बोळातल्या तळेघरच्या बाईला आणा, हे सांगितलं. हर्षालीचा चेहरा खुलला. सकाळपासून खालून तिलाच फोन येत होते आणि तीच नाही-नाही म्हणत होती. तिनं लगेच ऑफिसला कळवलं की एक बेड होतोय. मग पलीकडचं ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा पुन्हा मिटला. फोन ठेवून ती चादरीची घडी नीट करायला लागली. हळूच म्हणाली की दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टच्या एका साहेबांच्या मावशी आल्यात, सगळ्या तपासण्या करायच्यात, ऑफिसात बसल्यात केव्हाच्या. हा बेड त्यांना द्यायला सांगितलाय. कुशाबाईंना पुढचा. पुढचा म्हणजे उद्याच.

द्रौपदानं खांद्यावरची पिशवी काढली, खाटेवर ठेवली आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसली.

"मग मी उठत न्हाई."

हर्षालीला वाटलं म्हातारी रुसली. तिनं समजावलं की आजी, तुमचा डिस्चार्ज झालाय, तुम्हीच आत्ता म्हणालात.

"म्हणले व्हते. पण आज आवस हाय. आवसेला कुणी उठतं का? हितं सगळ्यांना चालतंय, मला का न्हाई? त्या तळेघरच्या बाईला दारात आणा, माझी आवस तवाच संपली. तुमच्या सायबाच्या मावशीसाठी मात्र ती उद्यापतुर हाय."

कपिलनं आईकडं असं बघितलं की जणू ही बाई तो पहिल्यांदाच बघतोय. आणि प्रयागबाई, जिला यातलं निम्मंच कळलं होतं, ती आपल्या खाटेवरून ताडकन खाली उतरली. आवसेला पेशंटला उठवता म्हणजे काय, आमच्याकडं कुत्र्यालाही कुणी आवसेला हुसकत नाही, तिच्या जिवाचं काही झालं तर जबाबदार कोण, असा तिनं जो पट्टा सोडला तो अख्ख्या वॉर्डानं उचलून धरला. शेंगा सोलणारी, व्हिडिओ कॉलवाली, सुनांचं माप काढणाऱ्या दोघी, सगळ्या एका सुरात आवस-आवस करायला लागल्या. द्रौपदा मधे बसून होती, आणि तिला हसू येत होतं. भागुजी असता तर त्याच्या धोतराचा सोगा सुटेपर्यंत हसला असता. ज्या आवसेनं तिला जन्मभर धाकात ठेवलं ती आज तिच्या खाटेखाली राखणदारासारखी बसली होती. कुणाची छाती होती तिला हलवायची? काचा सगळ्यांना आठवत होत्या.

गडबड ऐकून डॉक्टर ऋषी आला. हर्षालीनं त्याला सगळं सांगितलं, मावशींसकट. तो चष्मा वर सारत द्रौपदाकडं बघत राहिला. सकाळी मान हलवणारी हीच का, असं त्याला वाटलं असावं.

"लेकरा," द्रौपदा म्हणाली, "खाट कुणाला द्यायची ते ऑफिस ठरवतंय का डॉक्टर?"

त्याला उत्तर माहीत होतं आणि ते सोपंही नव्हतं. त्याची नोकरीही याच ट्रस्टची. तरी तो म्हणाला, "मावशींना दम लागलेला नाही." आणि स्वतःच खाली गेला. येताना लिफ्टच्या दारातून स्ट्रेचरची पुढची बाजू त्यानं धरली होती आणि मागची सयाजीनं, टोपी दातांत धरून.

द्रौपदा उठली. तिच्या उठण्याबरोबर वॉर्डातला गलका थांबला. कुशाबाईला उचलून खाटेवर घेतलं, भिंतीतल्या ऑक्सिजनला नळी जोडली. हर्षाली चादर बदलायला धावली होती, पण डॉक्टरनं राहू दे म्हटलं, आधी श्वास. कुशाबाईनं डोळे उघडले. समोरच्या बाईचा पदर तिला ओळखू आला की नाही कोण जाणे, पण तिनं हाताची मूठ उघडली आणि गादीवर सपाट ठेवली, ऊब लागल्यासारखी.

"अगं, पण तू निघालीस कुठं?" प्रयागबाईनं तिचा दंड धरला. "आवस हाय ना गं. आत्ता तर म्हणत व्हतीस."

द्रौपदाला तिचा राग आला नाही. जिनं वेणी घातली, जी आत्ता तिच्यासाठी भांडली, तिच्यावर कसला राग. पण गप्प राहायचे दिवसही संपले होते.

"माझी पोर आवसेनं न्हाई गेली, बाई," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, कपिलला ऐकू जावं म्हणून. "दवाखान्याच्या ओट्यावर गेली. डागदर भरती करा म्हणत व्हता आन् खाट नव्हती. आन् आत खाटंवर बरी झालेली बाई केस इंचरत व्हती. तिच्या घरी कुणाला न्हाई म्हाईत, पण मला म्हाईत हाय."

प्रयागबाईचा हात दंडावरून सुटला. ती आपल्या खाटेवर जाऊन बसली. उशाशी पडलेली फणी तिनं उचलली, जरा वेळ हातात धरली आणि पिशवीत टाकली. पुढं ती घरी जायला उठली की नाही, हे बघायला द्रौपदा थांबली नाही.

खाली बोळात स्ट्रेचरची जागा मोकळी होती, आणि पोट धरून वाकलेल्या माणसाला दोघं आत नेत होते. बाकीचे एकेक जागा पुढं सरकले. बाहेर लख्ख ऊन होतं. इतर दिवसांसारखंच होतं, हे तिनं नीट बघून घेतलं. भीती गेली नव्हती. ती पायरीवर तिच्या आधी येऊन उभी होती, घाटाची वळणं दाखवत होती, उसाचे ट्रक दाखवत होती. द्रौपदानं तिच्याकडं बघितलं आणि बाजूनं पायरी उतरली. कपिलनं गाडी काढली. पिशवी पुढं अडकवली, किक मारायच्या आधी थांबला, मागं वळला.

"आई," त्यानं विचारलं, "डोकं दुखतंय?"

ती गाडीवर बसली, पदर कमरेला खोचला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"न्हाई," ती म्हणाली. "घाटानं घे."